मेक बिनबोभाट झालं, तरी एसएसएल मॉड्यूल नाही: हरवलेली लायब्ररी नेमकी कुठे शोधायची

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक असेल तर लगेच कळेल. उबुंटू २२.०४ च्या सर्व्हरवर पायथन ३.१२ सोर्समधून बांधायला घेतलंत. ‘./कॉन्फिगर --एनेबल-शेअर्ड’, ‘मेक’, ‘सुडो मेक इन्स्टॉल’ या तिन्ही पायऱ्या एकही एरर न दिसता पार पडल्या. मग ‘पायथन३.१२’ म्हटल्यावर ‘लिबपायथन३.१२.एसओ.१.०’ ही फाइल उघडता येत नाही अशी तक्रार आली. एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) लावून ती गप्प केलीत, तर पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) म्हणतं एसएसएल मॉड्यूलच नाही. कुणाच्या तरी सल्ल्यावरून ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारं नाव) करून ती ‘लिबएसएसएल.एसओ.३’ कडे वळवलीत, ढिम्म फरक पडला नाही. त्यावर आता ‘_सीटाइप्स’ नावाचं मॉड्यूल नाही ही नवी एरर. अशा एकेक लायब्ऱ्या शोधत किती दिवस बसायचं, सगळं एकदम कळायचा काही मार्ग आहे का, असं विचारलंय.

मार्ग आहे. (कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत; टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत टाइप करायची.) पण त्याआधी एक गुंता सोडवू. ‘लायब्ररी सापडत नाही’ हे वाक्य चार वेगवेगळे जण बोलतात: बांधण्याआधी मशीन तपासणारं कॉन्फिगर बोलतं, सोर्सच्या ऑब्जेक्ट फाइली बनवणारा कंपायलर बोलतो, त्या लायब्ऱ्यांशी जोडणारा लिंकर बोलतो आणि तयार प्रोग्रॅम सुरू करताना लोडर बोलतो. चौघांना हवी असलेली वस्तू वेगळी आणि ती शोधायची जागाही वेगळी. तुमच्या तीन एररपैकी पहिली लोडरची आहे. उरलेल्या दोन प्रोग्रॅम चालवताना दिसतात, म्हणून त्याही लोडरच्या वाटतात, पण त्यांचं मूळ कॉन्फिगरमध्ये आहे. सिमलिंकने काही झालं नाही ते यामुळेच. औषध लोडरला दिलंत, दुखणं कॉन्फिगरचं होतं.

एक लायब्ररी म्हणजे प्रत्यक्षात किती फाइली, ते एसएसएल मॉड्यूलला लागणाऱ्या ओपनएसएसएलवरच बघू. उबुंटू २२.०४ वर लिबएसएसएल३ हे पॅकेज जवळपास प्रत्येक मशीनवर आधीपासून असतं, कारण कितीतरी गोष्टी त्यावर चालतात. त्यात /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-ग्नू/ या फोल्डरात लिबएसएसएल.एसओ.३ आणि लिबक्रिप्टो.एसओ.३ या दोन मुख्य फाइली येतात. बांधून तयार असलेला प्रोग्रॅम चालवायला एवढं पुरतं, नवीन काही बांधायला पुरत नाही. बांधायला लागणारा माल लिबएसएसएल-डेव्ह या वेगळ्या पॅकेजात असतो: ओपनएसएसएल/एसएसएल.एच सारख्या हेडर फाइली (लायब्ररीत कोणती फंक्शन आहेत ते कंपायलरला सांगणाऱ्या), शेवटी आकडा नसलेली लिबएसएसएल.एसओ ही सिमलिंक, स्टॅटिक लिंकिंगसाठी लिबएसएसएल.ए, आणि पीकेजी-कॉन्फिग या लायब्ऱ्यांचा पत्ता सांगणाऱ्या साधनाला माहिती पुरवणाऱ्या लिबएसएसएल.पीसी, ओपनएसएसएल.पीसी वगैरे फाइली. कंपायलर हेडर मागतो. लिंकर बिनआकड्याची .एसओ मागतो. कॉन्फिगर बहुतेक वेळा .पीसी वाचतं. आणि लोडरला या कशाशीच घेणं-देणं नसतं, तो फक्त आकड्यासकटची फाइल बघतो. म्हणून ‘ओपनएसएसएल तर आहे मशीनवर, व्हर्जन विचारलं की उत्तर येतं’ हे खरं असूनही बिल्डच्या कामाचं नाही.

पॅकेजच्या नावाचं शेपूट डिस्ट्रोप्रमाणे, म्हणजे लिनक्सच्या वाणाप्रमाणे, बदलतं. डेबियन-उबुंटूत ‘-डेव्ह’, फेडोरा आणि रेड हॅट कुळात ‘-डेव्हेल’, अल्पाइनवर पुन्हा ‘-डेव्ह’. आर्चवर ही वाटणी साधारणपणे नसतेच, हेडर मूळ पॅकेजातच येतात. आर्चवर लिहिलेलं ट्यूटोरियल उबुंटूवर फसतं त्याचं हेही एक कारण.

आता पायथनची खोड. सी भाषेत लिहिलेली त्याची बरीच मॉड्यूल ऐच्छिक आहेत. कॉन्फिगर प्रत्येकाची लायब्ररी तपासतं, मिळाली नाही तर ते मॉड्यूल गुपचूप वगळतं आणि पुढे जातं. एरर नाही, एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘यशस्वी’. ३.१२ मध्ये ‘चेकिंग फॉर एसटीडीलिब एक्स्टेन्शन मॉड्यूल _एसएसएल... मिसिंग’ अशी ओळ छापली जाते खरी, पण शेकडो ओळींच्या लोंढ्यात ती कोण वाचणार? मेकच्या शेवटी तीच गोष्ट पुन्हा सांगितली जाते: ‘द नेसेसरी बिट्स टू बिल्ड दीज ऑप्शनल मॉड्यूल्स वेअर नॉट फाउंड’, आणि त्याखाली नावांची यादी. तुमच्या पहिल्याच मेकच्या शेवटी _एसएसएल, _हॅशलिब आणि _सीटाइप्स ही नावं त्या यादीत असणार. ‘सगळं एकदम कळायचा मार्ग’ तुमच्या स्क्रीनवरून आधीच वाहून गेलाय.

ही सवय पायथनची एकट्याची नाही. ऑटोकॉन्फवर (कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणाऱ्या साधनावर) चालणारी पुष्कळ सॉफ्टवेअर असंच वागतात: लायब्ररी नसेल तर सोय बंद, बिल्ड चालू. म्हणून जे फीचर मला नक्की हवंय ते जिथे पर्याय असेल तिथे स्पष्ट मागावं, ‘--विथ-अमुक’ असं. मागून मिळालं नाही तर बहुतेक कॉन्फिगर तिथेच थांबतात, आणि थांबलेलं बरं.

यादीतली नावं पॅकेजांत कशी बदलायची ते उबुंटूपुरतं सांगतो. _एसएसएल आणि _हॅशलिब दोन्हींना लिबएसएसएल-डेव्ह. _सीटाइप्सला लिबएफएफआय-डेव्ह. _बीझेड२ ला लिबबीझेड२-डेव्ह, _एलझेडएमए ला लिबएलझेडएमए-डेव्ह, _एसक्यूलाइट३ ला लिबएसक्यूलाइट३-डेव्ह, रीडलाइनला लिबरीडलाइन-डेव्ह, _कर्सेसला लिबएनकर्सेस-डेव्ह, _यूयूआयडी ला यूयूआयडी-डेव्ह. _जीडीबीएम साठी लिबजीडीबीएम-डेव्ह आणि _डीबीएम साठी लिबजीडीबीएम-कॉम्पॅट-डेव्ह. झेडलिबचं पॅकेज झेडलिब१जी-डेव्ह, हे नाव अंदाजाने सापडणारं नाही. ते तुमच्याकडे आधीच आहे, हे न विचारता सांगतो: नसतं तर मेक इन्स्टॉलच्या शेवटी पिप बसवताना ‘झेडलिब नॉट अव्हेलेबल’ म्हणत ते फुटलं असतं. सर्व्हरवर खिडक्यावाली ॲप चालवायची नसतील तर टीके-डेव्ह टाकू नका, _टीकेइंटर यादीत राहिलं तर राहू द्या. ३.१२ मध्ये एनआयएस हे नावही बहुधा उरतं. ते मॉड्यूल ३.१३ मध्ये काढूनच टाकलंय, त्याच्या मागे लागू नका. यादी रिकामी करायची नाहीये, तुम्हाला लागणारी नावं त्यातून निघाली की झालं.

ही सगळी पॅकेजं एका झटक्यात आणायची तर ‘सुडो ॲप्ट बिल्ड-डेप पायथन३’ आहे. त्याला सोर्स रिपॉझिटरी चालू असावी लागते: २२.०४ वर /इटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट मधल्या ‘डेब-एसआरसी’ ओळींपुढची ‘#’ ही खूण काढायची, २४.०४ पासून उबुंटू.सोर्सेस या फाइलीत ‘टाइप्स’ पुढे ‘डेब’ च्या जोडीला ‘डेब-एसआरसी’ लिहायचं. मात्र ही कमांड डेबियनला पॅकेज बनवायला जे जे लागतं ते सगळं आणते, डॉक्युमेंटेशनची आणि टेस्टची साधनंही. स्वतःच्या लॅपटॉपवर चालेल; सर्व्हरवर मी वरची यादी हातानेच टाकेन.

आता सिमलिंक. ती आधी काढा. ‘एलएस -एल’ ने ती खरंच सिमलिंक आहे याची खात्री करा, मग ‘डीपीकेजी -एस’ (एस मोठा) आणि पूर्ण पाथ देऊन बघा. कुठल्याच पॅकेजची नाही असं उत्तर आलं की उडवा. शेवटचा आकडा हा व्हर्जनचा शोभेचा आकडा नसतो. बाहेरून दिसणारी रचना मोडली की लायब्ररीचे लेखक तो बदलतात, आणि बांधताना प्रोग्रॅमच्या आत हेच आकड्यासकट नाव कोरलं जातं. शिवाय ओपनएसएसएलच्या प्रत्येक फंक्शनवर व्हर्जनचा शिक्का असतो. १.१ शी बांधलेला प्रोग्रॅम ओपनएसएसएल_१_१_० हा शिक्का मागतो, ३ च्या फाइलीत ओपनएसएसएल_३.०.० असतो. सिमलिंकमुळे फाइल ‘सापडते’, आणि पुढच्याच क्षणी ‘व्हर्जन नॉट फाउंड’ येतं. हे तरी बरं, निदान ओरडतं. ज्या लायब्ऱ्यांत असे शिक्के नाहीत त्यांच्या बाबतीत प्रोग्रॅम सुरू होतो आणि कधीतरी भलत्याच ठिकाणी कोसळतो. तुमच्या बाबतीत तर _एसएसएल मॉड्यूलची फाइल तयारच झाली नव्हती, त्यामुळे सिमलिंककडे कुणी बघितलंही नाही.

लिबपायथनची एरर मात्र खरी लोडरची. ‘--एनेबल-शेअर्ड’ मुळे पायथनचा गाभा /यूएसआर/लोकल/लिब/ मध्ये वेगळ्या .एसओ त जातो आणि ‘पायथन३.१२’ ही फाइल नावापुरती उरते. लोडर शोधतो ते साधारण या क्रमाने: एलडी_लायब्ररी_पाथ, मग प्रोग्रॅमच्या आत लिहिलेला रनपाथ, मग /इटीसी/एलडी.एसओ.कॅश ही आधी बनवून ठेवलेली यादी, मग /लिब आणि /यूएसआर/लिब. उबुंटूवर /यूएसआर/लोकल/लिब हा पाथ /इटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी/ मध्ये नोंदलेला असतोच, फक्त नवीन फाइल आल्यावर यादी पुन्हा बनवावी लागते. म्हणजे तुमच्या पहिल्या एररचं उत्तर ‘सुडो एलडीकॉन्फिग’, इतकंच होतं. रेड हॅट कुळात तो पाथ आपसूक नसतो. तिथे त्या फोल्डरात एका ओळीची .कॉन्फ फाइल टाकून मग एलडीकॉन्फिग चालवायचं.

एलडी_लायब्ररी_पाथ हा तपासणीपुरता वापरा, कायमचा नको. .बॅशआरसी मध्ये लिहिलेला तो पाथ सिस्टिमडीच्या सर्व्हिसला दिसत नाही, क्रॉनला दिसत नाही, सुडो तो गाळून टाकतं. त्यामुळे ‘माझ्या लॉगिनला चालतं, सर्व्हिसला चालत नाही’ हा पुढचा प्रश्न ठरलेला.

आणि मुळात ‘--एनेबल-शेअर्ड’ हवंय का? पायथन दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात घालायचं असेल, पोस्टग्रेसमध्ये पीएल/पायथन वापरायचं असेल किंवा पायइन्स्टॉलरने एक्झिक्युटेबल बनवायची असेल तर हवं. नुसती वेब सर्व्हिस चालवायला नको. तुमच्या वर्णनावरून तरी नकोच वाटतं.

तर आता प्रत्यक्ष क्रम. सिमलिंक काढा, वरची -डेव्ह पॅकेजं टाका, त्यांत बिल्ड-इसेन्शियल आणि पीकेजी-कॉन्फिग धरा. मग सोर्स फोल्डरात ‘मेक डिस्टक्लीन’, किंवा सरळ फोल्डर उडवून टारबॉल पुन्हा उघडा. मी दुसरंच करतो, वेळ तेवढाच जातो. हे टाळता येत नाही. लायब्ररी आहे-नाही हा निर्णय कॉन्फिगर एकदाच घेतं आणि मेकफाइलमध्ये लिहून ठेवतं. पॅकेज नंतर टाकलं म्हणून आधी बांधलेलं पायथन आपोआप शहाणं होत नाही. सीमेक या दुसऱ्या बिल्ड-साधनावर चालणाऱ्या प्रोजेक्टमध्ये हाच घोळ सीमेककॅश.टीएक्सटी करते, तिथे बिल्डचं फोल्डर उडवायचं (३.२४ पासून ‘--फ्रेश’ हा पर्यायही आहे).

पुढे ‘./कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/पायथन-३.१२’. ‘--एनेबल-ऑप्टिमायझेशन्स’ या फेरीत लावू नका. त्याने बिल्ड कितीतरी पट लांबतं, कारण मध्येच टेस्ट चालवून प्रोफाइल गोळा केलं जातं. लायब्ऱ्या जुळल्या की शेवटच्या फेरीत लावा. कॉन्फिगर संपलं की मेक न करता थांबा आणि कॉन्फिग.लॉग मध्ये ‘एक्स्टेन्शन मॉड्यूल’ शोधा. प्रत्येकापुढे ‘यस’, ‘मिसिंग’, ‘डिसेबल्ड’ किंवा ‘एन/ए’ दिसेल. तुम्हाला हव्या असलेल्या नावापुढे ‘मिसिंग’ असेल तर त्याच लॉगमध्ये थोडं वर जा. उदाहरणार्थ लिबएफएफआय नसेल तर तिथे पीकेजी-कॉन्फिगचं स्पष्ट वाक्य असतं, की ‘लिबएफएफआय’ हे पॅकेज शोधमार्गावर मिळालं नाही, लिबएफएफआय.पीसी ज्या फोल्डरात आहे तो पीकेजी_कॉन्फिग_पाथ मध्ये घाला. त्याखाली कॉन्फटेस्ट.सी नावाची चिमुकली सी फाइल कंपाइल करून बघितलेली असते आणि कंपायलरचं उत्तर असतं: ‘फेटल एरर: एफएफआय.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. स्क्रीनवर एका शब्दात ‘मिसिंग’ आणि लॉगमध्ये पूर्ण जबानी, असा हा प्रकार.

मग ‘मेक -जे४’, आउटपुट टी कमांडने फाइलीतही घ्या. एक सापळा: ‘मेक | टी बिल्ड.लॉग && मेक इन्स्टॉल’ असं लिहिलंत तर मेक फुटलं तरी इन्स्टॉल सुरू होतं, कारण शेलला टी चा यशस्वी कोड दिसतो. आधी ‘सेट -ओ पाइपफेल’ करा. दुसरं, -जे मुळे अनेक कामं एकाच वेळी चालतात, त्यामुळे शेवटची ओळ ही मूळ एरर नसते. लॉगमध्ये वरून खाली ‘एरर:’ शोधून पहिली घ्या. बाकीच्या बहुतेक तिचीच पिल्लं असतात.

मेकच्या शेवटच्या यादीत कधीकधी दुसराच मथळा दिसतो: मॉड्यूल बांधली गेली, पण इम्पोर्ट होईनात म्हणून काढून टाकली. हा फरक महत्त्वाचा आहे. इथे हेडर मिळाले, लिंकही झालं, पण बांधलेलं मॉड्यूल उघडून बघताना लोडरला .एसओ मिळाली नाही. ओपनएसएसएल स्वतः कुठेतरी वेगळ्या फोल्डरात बांधलं असेल तर हमखास हेच होतं. अशा वेळी आणखी -डेव्ह पॅकेजं टाकून उपयोग शून्य.

सगळं नीट असेल तर बांधलेल्या फोल्डरातच ‘./पायथन -सी’ देऊन एसएसएल, सीटाइप्स, एसक्यूलाइट३, बीझेड२, एलझेडएमए इम्पोर्ट करून बघा आणि एसएसएल.ओपनएसएसएल_व्हर्जन छापा. तिथे ३.०.२ दिसायला हवं, २२.०४ वर तेच आहे. मग ‘सुडो मेक ऑल्टइन्स्टॉल’. नुसतं इन्स्टॉल करू नका. त्याने ‘पायथन३’ हे नावही बळकावलं जातं. पहिल्या वेळी तुमच्या /यूएसआर/लोकल/बिन/ मध्ये ते झालंय, आणि तो पाथ /यूएसआर/बिन च्या आधी येतो, त्यामुळे ‘एन्व्ह पायथन३’ म्हणणाऱ्या स्क्रिप्ट सध्या एसएसएल नसलेल्या पायथनवर चालताहेत. ‘मेक अनइन्स्टॉल’ नसतं. /यूएसआर/लोकल खालच्या बिन, लिब आणि इन्क्लूडमधल्या पायथन३.१२ च्या फाइली, बिनमधली ‘पायथन३’ आणि ‘पिप३’ ही नावं आणि लिबपायथनच्या .एसओ हातानेच काढायच्या. मग पुन्हा एकदा एलडीकॉन्फिग. जुन्या पायथनवर केलेली व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आता नव्याने करा, त्यांतली लिंक जुन्या जागेकडे आहे.

इथवर झालं ते सुडो हातात असलेल्या आणि फार जुन्या नसलेल्या मशीनचं. परिस्थिती वेगळी असेल तर उत्तर बदलतं.

सेंटओएस ७ (त्याचा सपोर्ट जून २०२४ मध्ये संपला, पण कार्यालयांतून अजून भेटतं) वर ओपनएसएसएल-डेव्हेल टाकूनही _एसएसएल ‘मिसिंग’ येईल. तिथलं ओपनएसएसएल १.०.२ आहे आणि पायथनला ३.१० पासून किमान १.१.१ लागतं. लायब्ररी आहे, पण जुनी आहे. कॉन्फिगर दोन्हींना एकच शब्द वापरतं. इपेल या जादा पॅकेजांच्या रिपॉझिटरीत (सेंटओएस ७ साठीची ती आता संग्रहात गेली आहे) ओपनएसएसएल११-डेव्हेल आहे, किंवा ओपनएसएसएल स्वतः बांधून ‘--विथ-ओपनएसएसएल’ ने पाथ द्यायचा आणि ‘--विथ-ओपनएसएसएल-आरपाथ=ऑटो’ जोडायचं, म्हणजे वर सांगितलेलं ‘बांधलं पण इम्पोर्ट होईना’ टळतं. यात एक खड्डा ठरलेला आहे. ओपनएसएसएल ३ हे ६४-बिट इंटेलवर स्वतःला लिब मध्ये न बसवता लिब६४ मध्ये बसवतं, आणि पायथनचं कॉन्फिगर दिलेल्या पाथखाली लिब मध्येच बघतं. ओपनएसएसएल बांधतानाच ‘--लिबडिर=लिब’ द्या.

सुडो नसेल तर हीच पद्धत घरच्या फोल्डरात: लिबएफएफआय वगैरे $होम/.लोकल मध्ये बांधा, पीकेजी_कॉन्फिग_पाथ त्याच्या लिब/पीकेजीकॉन्फिग कडे वळवा, आणि एलडीफ्लॅग्जमध्ये -एल पाथच्या जोडीला ‘-डब्ल्यूएल,-आरपाथ,’ नंतर तोच पाथ. -एल मोठा हा लिंकरसाठी, आरपाथ हा लोडरसाठी. एकच दिलं की अर्धंच काम होतं. अर्थात इतका उपद्व्याप करण्याआधी तयार बांधलेलं पायथन चालेल का बघा. यूव्ही हे साधन तयार बांधलेलं आणून देतं. पायएन्व्ह हे दुसरं साधन मात्र आत सोर्समधूनच बांधतं, त्यामुळे तिथेही हीच -डेव्ह यादी लागते.

डॉकरमध्ये दोन टप्पे करून बांधत असाल तर -डेव्ह पॅकेजं पहिल्या टप्प्यात, पण दुसऱ्या छोट्या इमेजमध्ये त्यांच्या चालवण्यापुरत्या जोड्या हव्यात: २२.०४ वर लिबएसएसएल३, लिबएफएफआय८, लिबएसक्यूलाइट३-० वगैरे. बांधायची आणि चालवायची इमेज एकाच आवृत्तीची ठेवा. २०.०४ वर लिबएफएफआय७ आहे, २२.०४ वर ८; तिथे बांधून इथे चालवलं की सीटाइप्स गेलंच. डेबियनवर बांधलेलं अल्पाइनवर नेलं तर फाइल डोळ्यांसमोर असून शेल ‘नॉट फाउंड’ म्हणतं. ती फाइल हरवलेली नसते, तिला उघडणारा ग्लिबसीचा (डेबियनच्या मूळ सी लायब्ररीचा) लोडर तिथे नसतो, कारण अल्पाइनवर मसल ही वेगळी सी लायब्ररी आहे.

पायथनपुरतं हे पुरे, पण तुम्ही सरसकट विचारलंय, म्हणून उरलेल्या दोघांबद्दल थोडक्यात. कंपायलरची एरर सगळ्यांत सोपी: ज्या .एच चं नाव आलं ते ‘ॲप्ट-फाइल सर्च’ ला द्या (आधी एकदा ‘ॲप्ट-फाइल अपडेट’), फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ ला तारा (*) लावून द्या. फोल्डरसकट नाव द्या, नुसत्या ‘एसएसएल.एच’ वर भलतीच पॅकेजंही येतात.

लिंकरच्या एररचे दोन प्रकार आहेत आणि लोक ते नेहमी एकत्र करतात. ‘कॅनॉट फाइंड -एलझेड’ म्हणजे लिबझेड.एसओ ही बिनआकड्याची फाइल नाही, -डेव्ह पॅकेज टाका. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू’ म्हणजे लिंकरने दिलेल्या सगळ्या फाइली बघितल्या, त्यांत ते फंक्शन नाही. इथे नवीन पॅकेज टाकायच्या आधी क्रम बघा. जीसीसीच्या ओळीत लायब्ऱ्या ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर हव्यात, ‘-एलएसएसएल मेन.ओ’ लिहिलं तर उबुंटूचा लिंकर ‘हिची कुणाला गरज नाही’ म्हणून लायब्ररी सोडून देतो आणि मग मेन.ओ वर येऊन रडतो. क्रम बरोबर असेल तर फंक्शनचं नाव नीट वाचा. एसएसएल_गेट१_पीअर_सर्टिफिकेट असं नाव दिसलं तर हेडर ओपनएसएसएल ३ चे आणि लायब्ररी १.१ ची उचलली गेली आहे, कारण जुन्या एसएसएल_गेट_पीअर_सर्टिफिकेटला ३ च्या हेडरमध्ये हे नवं नाव दिलंय. मशीनवर एकाच लायब्ररीच्या दोन प्रती असल्या की हे होतं, आणि दुसरी प्रत बहुतेक वेळा /यूएसआर/लोकल मध्ये कुणीतरी कधीतरी बांधून विसरलेली असते. सी++ मध्ये नावात ‘__सीएक्सएक्स११’ दिसलं तर लायब्ररी आणि प्रोग्रॅम जीसीसी ५ च्या आधीच्या आणि नंतरच्या स्ट्रिंगच्या रचनेने बांधले गेलेत. दोन्ही एकाच पद्धतीने पुन्हा बांधा.

लोडरसाठी ‘एलडीडी’ चालवून ‘नॉट फाउंड’ शोधा. पायथनच्या बाबतीत मुख्य फाइलीवर नाही, लिब-डायनलोड फोल्डरातल्या .एसओ फाइलींवर चालवा. अनोळखी फाइलीवर एलडीडी नको, त्यात ती फाइल प्रत्यक्ष चालण्याचा धोका असतो. ‘रीडएल्फ -डी’ ने ‘नीडेड’ ओळी वाचता येतात. आणि शोधाशोध कुठे कुठे झाली ते बघायचं तर प्रोग्रॅमच्या आधी ‘एलडी_डीबग=लिब्ज’ लावा.

एक राहिलं. काम झाल्यावर -डेव्ह पॅकेजं काढली तर चालतात, पण त्यामागोमाग ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ करू नका. /ऑप्ट मधलं पायथन ॲप्टला ठाऊकच नसतं. लिबएसक्यूलाइट३-० सारखं पॅकेज फक्त -डेव्ह बरोबर आलं असेल तर ॲप्टच्या लेखी ते आता कुणाचंच नाही, आणि ते गेलं की महिन्याभराने एखाद्या सकाळी तुमची सर्व्हिस उठत नाही. आधी ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ ने चालवण्यापुरती पॅकेजं राखून ठेवा.

नव्या फेरीनंतरही अडलं तर पुन्हा विचारताना स्क्रीनशॉट नको, मजकूर द्या: मेकच्या शेवटची मॉड्यूलची यादी, कॉन्फिग.लॉगमधला त्या मॉड्यूलच्या आसपासचा वीसेक ओळींचा तुकडा, तुम्ही दिलेली कॉन्फिगरची पूर्ण ओळ (ती कॉन्फिग.लॉगच्या सुरुवातीलाच असते), आणि ‘पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन ओपनएसएसएल लिबएफएफआय’ चं उत्तर.